मारव्याच्या कॅसेटवर कॅरन कार्पेंटर

धागाकर्ता: ठेकेदार
विभाग: संगीत

मंडळी, आधीच कबूल करून टाकतो. याच स्थळावर काही वर्षांपूर्वी "पॉप म्हणजे साखरेचं पाणी, तेही कोमट" असं मीच लिहिलं होतं आणि त्यावर यथेच्छ हाणामारी झाली होती. ज्यांना तो धागा उकरायचा असेल त्यांनी खुशाल उकरावा. त्या वाक्याला मी अजूनही चिकटून आहे. फक्त एका बाईपुरता अपवाद करायची वेळ आली आहे, आणि ते गुपचूप करण्यापेक्षा चारचौघांत केलेलं बरं.

मी हौशी तबलजी. पोटासाठी नोकरी, जीव लावायला तबला. घरात लहानपणापासून ख्याल, ठुमरी, नाट्यपदं आणि डिसेंबरात सवाई, एवढंच जग. आमचे बापूकाका तर त्याहून कडवे. हिंदी सिनेमाचं गाणं लागलं तरी रेडिओचा कान पिळायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. काकूनं कॅसेटींची दोन खोकी माझ्या हवाली केली, "तूच काय ते कर बाबा याचं." तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी एकेक कॅसेट संगणकावर उतरवतोय. कुठे बुरशी, कुठे पट्टी अडकलेली, कुठे पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल.

तर एका कॅसेटवर काकांच्या अक्षरात लिहिलेलं: 'मारवा. खाजगी बैठक. कोणासही देऊ नये.' म्हटलं, सोनं मिळालं. होतंच सोनं. मारव्यात गवई 'सा'वर टेकत नाही, रिषभ-धैवतावर तुम्हाला टांगून ठेवतो हे सगळ्यांना माहीत आहेच. हा गवई तर फारच निर्दय. दुसऱ्या बाजूला अर्ध्यावर बैठक संपली, टाळ्या, कोणीतरी खोकलं, खट्ट. मी स्टॉपकडे हात नेला आणि कुठल्यातरी इंग्रजी गाण्याची शेपटी ऐकू आली, तीनचार सेकंद. मग शांतता. मग शहनाई.

मला खरंच शहनाई वाटली. तो ओबो होता, हे नंतर कळलं. शेवटी दोन्ही पत्तीचीच वाद्यं, त्यामुळे चूक अगदीच गाढवपणाची नव्हती. आणि मग ती बाई गायला लागली. हात तसाच स्टॉपवर.

गाणं होतं 'सुपरस्टार', १९७१ चं. गायिका कॅरन कार्पेंटर. भाऊ रिचर्ड पियानो आणि वाद्यमेळ सांभाळायचा, बहीण गायची, दोघं मिळून कार्पेंटर्स. तुमच्यातल्या अर्ध्यांना हे शाळेपासून माहीत असेल. मला पन्नाशीत कळलं.

मला काय लागलं ते सांगायचा प्रयत्न करतो. ही बाई खर्जात गाते. आपल्याकडे खर्ज म्हणजे पहाटेची शिस्त. तंबोरा घ्यायचा, मंद्र 'सा' धरायचा, आवाजाला बूड येऊ द्यायचं आणि मैफलीत मात्र वर जायचं. खर्ज हा पाया, तिथे कोणी राहायला जात नाही. ही तिथेच राहते. आमच्यातले पुरुष गवई ज्या भागात सुरुवातीची आलापी करतात तिथे हिचं गाणं आरामात पाय पसरून बसलेलं असतं. आणि एवढ्या खाली जाऊन आवाज कुठे दाबलेला नाही, घशात ओढलेला नाही. स्वर ठेवते. ठेवल्यावर त्याच्याशी खेळत बसत नाही. शेवटाला अगदी बारीक हेलकावा, की संपलं. आमच्या गुरुजींचं एक ठरलेलं वाक्य आहे, "स्वर लावू नका, लागू द्या." तीस वर्षं ऐकतोय. त्याचा अर्थ कॅलिफोर्नियातल्या एका पोरीकडून कळावा म्हणजे गंमतच. हो, पोरच. हे गाणं गायली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. त्यावर कडी म्हणजे रिचर्डनं सांगितलंय की आपण ऐकतो तो तिचा पहिलाच टेक आहे आणि शब्द तिच्यासमोर कागदी रुमालावर खरडलेले होते.

दुसरी गोष्ट लयीची. ती कुठेही ठोक्यावर उडी मारत नाही. शब्द किंचित मागे ठेवते, समेवर मात्र बरोब्बर. मी मनात म्हटलं, ही बाई साथ केलेली आहे. शोधलं तर काय, मुळात ती ड्रम वाजवणारीच! शाळेच्या बँडमध्ये आधी ग्लॉकेनश्पील (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) हातात आलं, ते सोडून ड्रमकडे गेली. १९६६ मध्ये हॉलिवूड बोलवरच्या स्पर्धेत त्यांच्या तिघांच्या जॅझ मंडळीनं बाजी मारली तेव्हा ती सोळा वर्षांची आणि ड्रमवर. पहिल्या तबकडीवर ड्रम तिचेच. पुढे ती गायला लागली आणि ड्रमच्या ढिगामागून लोकांना दिसेना, म्हणून तिला ओढून माइकसमोर उभं केलं. तिला ते फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. तबलजीला हे समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हापासून रोज ऐकतोय. 'क्लोज टू यू'वर केरवा धरायला गेलो तर आतून प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे निघाले, बोटं अडखळली. आणि मधल्या ट्रंपेटनंतर तर 'सा'च सरकला! अख्खं गाणं अर्धा स्वर वर. मी दचकून तबल्याकडे बघितलं, उतरला की काय.

तर प्रश्न दोन. तुमच्या गोतावळ्याबाहेरचं असं कोण तुम्हाला येऊन चिकटलं? आणि बापूकाकांसारख्या माणसानं मारव्याच्या शेपटीला हे का भरून ठेवलं असेल?

प्रतिसाद

काडीपेटी
खिक्. जुना धागा सापडला. ठेकेदारांचं संपूर्ण वाक्य: "पॉप म्हणजे साखरेचं पाणी, तेही कोमट, आणि ते पिणाऱ्याच्या कानाची तपासणी व्हावी." कानवाल्याकडे कधी जाताय? मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हलकेच घ्या.)

बांद्रेकरीण
अहो, उशीर झाला म्हणून काय, आलात हे महत्त्वाचं. आमच्या कॉन्व्हेंटात १९७४-७५ च्या सुमारास प्रत्येक मुलीच्या वहीत मागच्या पानावर कार्पेंटर्सची गाणी लिहिलेली असायची. शब्द ऐकून ऐकून, त्यामुळे निम्मे चुकीचे. काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं, तिथे तबकडी विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण ऐकायला मिळायची. २०१६ ला दुकान बंद झालं तेव्हा मी खास चर्चगेटहून चालत जाऊन बाहेरून बघून आले. आणि बांद्र्यातल्या लग्नात गोवेकरांचा बँड असला की 'वुई हॅव ओन्ली जस्ट बिगन' वाजणारच. वाजवणाऱ्यांना आणि नाचणाऱ्यांना माहीत नसायचं की ते मुळात एका बँकेच्या जाहिरातीसाठी बांधलेलं गाणं आहे. नवं जोडपं, नवा संसार, आमच्याकडे खातं उघडा!

खालच्या पट्टीतल्या बाईबद्दल लिहिलंत ते मात्र काळजाला लागलं. माझा आवाज तसाच. शाळेच्या गाण्यात मला मागच्या रांगेत उभं करून "तू नुसते ओठ हलव" म्हणायचे. तेव्हा आम्हाला दोनच आधार होते, तिकडे कॅरन आणि इकडे उषा अय्यर, म्हणजे आताच्या उषा उथुप. त्यांनाही शाळेत गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं. कांजीवरम नेसून, गजरा माळून नाइटक्लबात गाणारी बाई बघितली आणि मी ओठ हलवणं सोडलं.

मध्यलय
लेख सुरेख, पण एक घोळ आहे. खर्ज हे सप्तकातलं स्थान आणि कॉन्ट्राल्टो, म्हणजे बाईचा सगळ्यांत खालच्या पट्टीचा आवाज, ही आवाजाची जात. ज्याचा आवाजच तिथला आहे तो तिथे राहणारच, त्यात कसली साधना? मासा पाण्यात राहतो म्हणून आपण त्याला पोहण्याचं पदक देत नाही. आपल्याकडे गंगूबाई हनगलांचा आवाज टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर जाड झाला, पण मोठेपण त्या जाडपणात नव्हतं. त्या आवाजात त्यांनी रागाचं काय केलं यात होतं. इथे राग नाही, विस्तार नाही, तीन-चार मिनिटांत खेळ खलास. आवाज छान आहे, मान्य. छान आवाज रेल्वे स्टेशनवर उद्घोषणा करणाऱ्या बाईंचाही असतो.

ठेकेदार
@मध्यलय, माशाचं पटलं. जात आणि स्थान यांची मी गल्लत केली, कबूल. पण एक सांगा, आपल्याकडे किती उत्तम आवाज वाया गेलेले ऐकलेत तुम्ही? मी साथीला बसून बसून ऐकलेत. देणगी असते, आणि गवई ती दर दोन मिनिटांनी काढून दाखवतो, नव्या नवरीनं पाटल्या दाखवाव्यात तशी. ही दाखवत नाही. इतका आवाज असून त्याचा बडेजाव न करणं ही साधना नाही का? विस्तार नाही हे खरं. मीही रात्री झोपताना शेवटी ख्यालच लावतो. ऐकायला सुरुवात करताना मात्र हल्ली ही असते.

@बांद्रेकरीण, ओठ हलव! काय माणसं असतात एकेक.

सोनचाफा
+१ मध्यलय. बाईच्या आवाजाचं शिखर बघायचं तर लताबाई पुरेशा आहेत. बाहेर कशाला जायचं?

काडीपेटी
आल्या. एवढ्या वेळ कसं कोणी हे काढलं नाही याचंच आश्चर्य करत होतो.

वरणफळ
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

डिस्टॉर्शन
मी मेटलवाला. केस गेले, सवय नाही गेली. माझ्यासारख्याला कार्पेंटर्स आवडतात हे मित्रांत सांगणं म्हणजे शाकाहारी झाल्यासारखं होतं. पण माझ्याकडे कागदपत्रं आहेत.

पुरावा एक: 'गुडबाय टू लव्ह', १९७२. इतकं मऊ, हळवं गाणं चाललंय आणि मध्येच टोनी पेलुसो नावाचा गिटारवाला फझ (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारी करामत) लावून असा काही घुसतो की जणू शेजारच्या स्टुडिओतली भिंत पडली. त्यांच्या भक्तांनी संतापून पत्रं पाठवली, आमच्या कार्पेंटर्सनी हार्ड रॉक केलं म्हणून! पुढच्या दशकात आमच्या सगळ्या मेटल बँडनी एक हळवं गाणं आणि मध्ये एक रडणारी गिटार हा साचा वापरून पैसे केले. तो साचा कुठून आला ते बघा.

पुरावा दोन: सोनिक यूथसारख्या न्यूयॉर्कच्या गोंगाटवाल्यांनी १९९० मध्ये कॅरनवर गाणं केलं आणि १९९४ मध्ये अशाच बऱ्याच बँडनी मिळून कार्पेंटर्सच्या गाण्यांची एक तबकडी काढली. त्यात सोनिक यूथचं 'सुपरस्टार' आहे. ठेकेदार, ते रात्री एकट्यानं ऐकू नका.

पुरावा तीन: १९७५ मध्ये एका अमेरिकी मासिकाच्या वाचकांनी कॅरनला सर्वोत्तम रॉक ड्रमर निवडलं, लेड झेपेलिनचा जॉन बॉनहॅम मागे राहिला. मासिकाचं नाव लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील. बॉनहॅमपेक्षा भारी? मुळीच नाही. पण त्याचं तोंड बघायला मजा आली असती.

बाकी तेव्हा त्यांना नावं ठेवायला कारणही होतं. व्हिएतनाम पेटलेलं, पोरं रस्त्यावर, आणि हे दोघं इस्त्रीचे कपडे घालून १९७३ मध्ये निक्सनच्या व्हाइट हाउसात गायला गेले. आमच्यासारख्यांना ते कसे चालणार? गाणं ऐकायला पन्नास वर्षं उशीर झाला की हा एक फायदा, तेव्हाची भांडणं आपल्या कानात नसतात.

टोकियोकर
इकडचं सांगतो. जपानात कार्पेंटर्स हे 'जुनं पॉप' वगैरे नाहीच, ते घरातल्या फर्निचरसारखे आहेत. सुपरमार्केट, दंतवैद्याची वाट बघायची खोली, लिफ्ट. १९९५ ला इथल्या एका गाजलेल्या टीव्ही मालिकेत त्यांची गाणी शीर्षकाला वापरली आणि तेव्हाची शाळकरी पोरं, जी कॅरन गेल्यानंतर जन्मली किंवा रांगत होती, ती रांगा लावून तबकड्या घेऊन आली. आमच्या ऑफिसात एक साठीचे गृहस्थ आहेत, वर्षभर इंग्रजी बोलत नाहीत, वर्षअखेरच्या पार्टीत कॅराओकेला 'येस्टरडे वन्स मोअर' एका शब्दाची चूक न करता म्हणतात. कारण सोपं आहे, ती बाई शब्द इतके स्वच्छ टाकते की परभाषिकाला लिहून घेता येतात. (बांद्रेकरीण यांच्या वहीचा अपवाद!) मागच्या वर्षी निशी-कासाईला गणपतीत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात एका जपानी वहिनींनी आधी 'सुखकर्ता' म्हटली आणि मग आग्रहावरून हे. दोन्हींना टाळ्या सारख्याच.

उंबरठा
मी डॉक्टर आहे म्हणून एक भीड सोडून लिहिते. कॅरनचं नाव निघालं की लोक पुढच्या वाक्यात तिच्या आजारावर येतात, या धाग्यावर कोणी आलं नाही याचं बरं वाटलं. पण ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: फेब्रुवारी १९८३ मध्ये ती गेली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. न खाण्याचा आजार, अ‍ॅनोरेक्सिया. शेवटी हृदय थकलं. हा आजार म्हणजे मुलींचे नखरे नव्हेत, यात जीव जातो, हे अमेरिकेत घराघरात कळलं ते तिच्या जाण्यानं.

लोक आता तिच्या प्रत्येक गाण्यात ते दुःख शोधतात. मला ते अन्यायाचं वाटतं. १९७१ चा तो आवाज आजारानं घडवलेला नाही. आजार बळावला तो पुढे, १९७५ च्या सुमारास, दौरे रद्द करावे लागले तेव्हा. तो आवाज एका धडधाकट, विनोदी, बेसबॉलवेड्या मुलीचा आहे आणि तिला आपलं काम फार चांगलं येत होतं. बाई दुःखी गाणं उत्तम गायली की तिला दुःखच असलं पाहिजे, असा आपला एक समज असतो. मारवा उत्तम गाणाऱ्या बुवांना कोणी विचारत नाही की घरी सगळं ठीक आहे ना.

मध्यलय
@उंबरठा, शेवटच्या वाक्याला दाद. काल 'रेनी डेज अँड मंडेज' दोनदा ऐकलं. माझं मत बदललेलं नाही. दोनदा ऐकलं एवढंच सांगतो.

काडीपेटी
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

जुनी रिळं
बाकी सगळं राहू द्या, मला तुमच्या कॅसेटमध्ये रस आहे. तुम्ही लिहिलंय की टाळ्या, खोकला, खट्ट, आणि लगेच दुसऱ्या गाण्याची शेपटी. हे गाणं कोणी मारव्यानंतर मुद्दाम भरलं असतं तर ते सुरुवातीपासून भरलं असतं. मध्येच तुटलेली शेपटी सापडते ती एकाच कारणानं: कॅसेटवर आधी इंग्रजी गाणी होती आणि मारवा त्यांच्यावर भरला गेला. जिथे बैठक संपली आणि रेकॉर्डिंग थांबलं, तिथून पुढे जुना माल तसाच राहिला. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन खाचा बघा. मूळची भरलेली असेल तर पाकळ्या मोडलेल्या असतात आणि पुन्हा भरायला त्यावर चिकटपट्टी लावावी लागते.

ठेकेदार
चिकटपट्टी आहे! पिवळी पडलेली. आणि काकांच्या लेबलाखाली आणखी एक लेबल आहे, खरवडलेलं. इतके दिवस हातात होती आणि दिसलं नाही. उद्या काकूला फोन करतो.

ठेकेदार
केला फोन. जरा बूड टेकून लिहितो.

काकू अठ्ठ्याहत्तरची आहे. म्हटलं, "काकू, काकांच्या मारव्याच्या कॅसेटवर एक इंग्रजी गाणं निघालं." पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "ओबोचं का?" ओबो! माझ्या काकूच्या तोंडून! जिला मी आयुष्यभर स्वयंपाकघरातून "चहा टाकू का?" विचारताना ऐकलंय.

कॅसेट तिची. लग्नाआधी ती गिरगावात राहायची, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण माहीमची, तिच्या भावाकडे तबकड्या आणि डेक. त्यानं लग्नाची भेट म्हणून भरून दिली. म्हणजे रात्रपाळीला हेडफोनवर सगळ्या मुंबईचे आवाज ऐकणाऱ्या बाईला कुठला आवाज आवडावा याचं आता मला नवल वाटत नाही. सांगलीला आल्यावर काका असताना ती लावत नसे, बाहेर गेले की लावायची. मग एकदा खाजगी बैठकीला जायचं होतं, बाजार बंद, कोरी कॅसेट मिळेना. काकांनी घरात हाताला लागली ती उचलली.

"त्यांना माहीत होतं का, तुझी आहे ते?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी तिला तिची सगळी गाणी फोनवर लावून दिली, भाचीनं कसं लावायचं ते शिकवलं. दोन दिवसांनी तिचाच फोन. आवडली, पण फार स्वच्छ वाटतात म्हणाली, तिच्या कॅसेटमध्ये मैत्रिणीच्या घरच्या पंख्याची घरघर होती. मग म्हणाली, "तो संगणक आहे ना तुझा, त्यानं वरचा मारवा पुसला तर खालची गाणी परत येतील का रे?"

म्हटलं, "नाही गं काकू. ते नाही येत परत."

"बरं. मग राहू दे मारवा."

काडीपेटी
काकूंना इथला आयडी काढून द्या. माझ्यातर्फे पहिला प्रतिसाद त्यांचा.

मध्यलय
आणि त्या पंख्याचा 'सा' कुठला होता तेही विचारा.